साडेआठचा सूर्योदय

१ डिसेंबर, रविवार

ही डायरी यांची. प्लास्टर आणि मेण पुरवणारा व्यापारी दर वर्षी एक देतो आणि हे दर वर्षी तिच्यात कवळ्यांची मापं आणि गिऱ्हाइकांच्या तक्रारी लिहीत आले. जूनपासून पानं कोरी आहेत. एवढा चांगला कागद वाया कशाला घालवायचा, म्हणून मी बसले लिहायला. शिवाय एक सोय आहे. यांना आता वाचता येत नाही. लग्नाला तेहतीस वर्षं झाली, पण या घरात माझं असं काही कुलूपबंद कधी नव्हतं. आता उघड्या टेबलावर ठेवलं तरी कुलूपबंदच. हे लिहिताना लाज वाटली, पण खोडत नाही.

काल डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी शेवटचं सांगितलं. दोन्ही डोळ्यांचे पडदे मधोमध झिजलेत. कडेकडेचं दिसत राहील, मधलं परत येणार नाही. "औषध असतं तर दिलं नसतं का हो?" असं बाईच उलट मला म्हणाल्या. भल्या आहेत. हे शांतपणे म्हणाले, "म्हणजे दार दिसेल, दारात कोण उभं आहे ते दिसणार नाही." बाई म्हणाल्या, "अगदी बरोबर." तेव्हा हे पहिला नंबर आल्यासारखे माझ्याकडे वळून हसले. माझ्याकडे म्हणजे माझ्या खांद्याकडे.

आमचा धंदा दातांचा. दवाखान्यातून तोंडाचे ठसे येतात, त्यावरून हे कवळ्या आणि दातांच्या टोप्या बनवतात, मी घासून चकाकी देते. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. आम्ही दात कोरूनच पोट भरलं आणि लेकीचं लग्नही लावलं. पण पांढरा म्हणजे नुसता पांढरा नसतो. कुणाचा पिवळट, कुणाचा राखाडी, कुणाचा चहा पिऊन पिऊन तांबूस. शेजारच्या दाताशी टोपीचा रंग जुळला नाही तर माणूस हसायचं सोडून देतो. तो रंग ओळखणारा डोळा यांचा होता. बाकी सगळं मी शिकले, तेवढं मला कधी जमलं नाही.

घरी आल्यावर यांनी कामाच्या खोलीत जाऊन सगळी हत्यारं पुसून जागच्या जागी लावली. मी स्वयंपाकघरात नळ सोडून रडले.

३ डिसेंबर, मंगळवार

वन्संचा फोन. यांची धाकटी बहीण, पण बोलते थोरल्या सासूसारखी. एरवी मी तिचं या कानानं ऐकून त्या कानानं सोडते. आज मात्र ऐकलं.

"वहिनी, डोळ्यांचा मालक कोण? सूर्य. मग मालकाकडे गाऱ्हाणं नेलंत का कधी? नोकरांचेच उंबरठे झिजवताय."

मग तिनं रीत सांगितली. तांब्याच्या गडूनं उगवत्या सूर्याला अर्घ्य द्यायचं. पाण्याची धार सोडायची, धारेतून त्याचं दर्शन घ्यायचं, बारा नावं म्हणायची. रविवारी जेवणात मीठ नाही. रथसप्तमीला सांगता.

यांना सांगितलं तर म्हणाले, "मला जो नीट दिसत नाही त्याला मी पाणी कसं घालू? झाडाच्या कुंडीत जाईल." यांनी देवाला जन्मात हात जोडले नाहीत. जोडले तर फोटो काढताना. वन्सं म्हणाली, "नका करू म्हणावं. बायकोनं केलं तरी नवऱ्याला पोचतं." मला बरं वाटलं. काहीतरी करायला मिळालं. गेले सहा महिने नुसती हातावर हात ठेवून बसले होते.

४ डिसेंबर, बुधवार

पहाटे उठून, डोक्यावरून आंघोळ करून गॅलरीत उभी राहिले. समोर सूर्य कुठला? समोरच्या उंच इमारतीच्या न्हाणीघरांच्या खिडक्या, आणि एकीत एक गृहस्थ दात घासताना. त्यांना अर्घ्य द्यायचं का! वर गच्चीला कुलूप असतं. किल्ली सोसायटीच्या सेक्रेटरीकडे, आणि त्या माणसाचं तोंड मी गेल्या सभेपासून पाहत नाही.

शेवटी साडेआठच्या सुमाराला समोरच्या इमारतीच्या टाकीमागून स्वारी वर आली. तेव्हा अर्घ्य दिलं. जगाला सूर्य साडेसहा-सातला उगवत असेल, आमच्या गॅलरीत साडेआठला उगवतो. आपल्याला दिसला की उगवला म्हणायचा.

गडू लहान आहे. चौथ्या नावाला, भानवे नमःला, पाणी संपलं. उरलेली आठ नावं तशीच, त्याच्याकडे बघत म्हटली. मधे दोनदा पापण्या मिटल्या. मग मनाशी ठरवलं, गाऱ्हाणं डोळ्यांचं आहे तर कष्ट डोळ्यांनीच करायचे. पापणी लवली की ते नाव पुन्हा. वन्संनं हे सांगितलेलं नाही, हे माझं. यांच्यासाठी माझ्याकडून थोडं जास्त जावं असं वाटलं.

डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. इतक्या वर्षांत देवापुढे उभं राहून रडू आलं नव्हतं.

८ डिसेंबर, रविवार

बिनमिठाचं जेवण. यांनाही तेच वाढलं. पहिला घास घेऊन म्हणाले, "माझी जीभ पण गेली का गं?"

इतकं हसलो. कितीतरी दिवसांनी. मग हसता हसता ते वाटीसाठी हात फिरवायला लागले. वाटी समोरच होती.

१५ डिसेंबर, रविवार

आज काहीतरी झालं. जपून लिहिते, कारण सांगितलं की दृष्ट लागते.

अर्घ्य देऊन आत आले. हे चहा घेत बसले होते. मान वर करून म्हणाले, "आज तुझी टिकली दिसली."

माझ्या हातातला गडू पडला. म्हटलं, "खरंच? कशी दिसली?"

"पुसट. लाल. पण दिसली."

मी तशीच खाली बसले आणि यांचे हात धरले. हेही रडवेले झाले. तासाभरानं केस विंचरायला आरशापुढे गेले तेव्हा लक्षात आलं की न्हाल्यावर मी टिकली लावलीच नव्हती. कपाळावर कालच्या टिकलीचा डाग राहिला असणार. डाग दिसला म्हणजे तर जास्तच दिसलं म्हणायचं!

वन्संला फोन केला. ती म्हणाली, "बघा."

१९ डिसेंबर, गुरुवार

एक गोष्ट कुणाला सांगितली नव्हती, आज वन्संला सांगितली. अर्घ्यानंतर सूर्य माझ्या डोळ्यांतून जात नाही. भिंतीकडे पाहिलं तर भिंतीवर, पोळीकडे पाहिलं तर पोळीवर, एक हिरवट गोल. आधी पाच-दहा मिनिटं राहायचा, आता जेवेपर्यंत राहतो. वन्संनं पुन्हा विचारून घेतलं, कुठे दिसतो, किती वेळ. मग म्हणाली, "वहिनी, भाग्यवान आहात. मी वीस वर्षं करते, मला असं कधी झालं नाही."

वीस वर्षांत तिला मिळालं नाही ते मला दोन आठवड्यांत मिळालं. खोटं कशाला बोलू, थोडा तोरा आला. वन्सं माझ्यापेक्षा कशात तरी मागे राहिली असं पहिल्यांदाच झालं.

२३ डिसेंबर, सोमवार

यांची परीक्षा घेतली. कामाच्या खोलीत खिडकीशी बसवलं आणि रंगांची पट्टी हातात दिली. पट्टी म्हणजे एका दांडीला ओळीनं लावलेले नमुन्याचे दात, प्रत्येकाची छटा वेगळी. मी एकेका दातावर बोट ठेवत गेले, हे सांगत गेले. "हा पिवळट. हा त्याच्यापुढचा गडद. हा राखाडी." एकही चुकलं नाही. मी टाळ्या वाजवल्या आणि अडून राहिलेली एक कवळी लगेच यांच्या पुढ्यात ठेवली.

लेकीला लगेच फोन लावला. ती दुसऱ्या गावी नोकरी करते, महिन्यातून एकदा येते. म्हणाली, "आई, पण त्या पट्टीतले दात कायम त्याच क्रमानं असतात ना? बाबांना तो क्रम झोपेतही पाठ आहे."

शिकलेल्या मुलींचं हे असं. ताटात खीर वाढली की आधी खडा शोधायचा. मी म्हटलं, "तुझ्या बापाला दिसतंय, त्याचा आनंद मान."

"मी आनंदच मानतेय गं. तू बरी आहेस ना? आवाज थकलेला वाटतो."

म्हटलं, सुयांनी थकवलंय. हल्ली सुयांची नाकं इतकी बारीक काढतात की दोरा जाता जात नाही.

यांनी मात्र रात्री जेवताना एकदम विचारलं, "तुझं हे अर्घ्य किती दिवस चालायचं?" म्हटलं, रथसप्तमीपर्यंत. म्हणाले, "एवढी हाडं कशाला झिजवतेस? नाही गुण आला तर?" म्हटलं, "आता गुण यायला लागल्यावर विचारताय होय!" यावर यांनी भात मागितला.

२ जानेवारी, गुरुवार

नवीन डायरी आली. व्यापाऱ्यानं यंदा अगदीच कद्रूपणा केलाय. रेघा वाकड्या छापल्यात. पानाच्या मधोमध आल्या की सगळ्या आत खचतात, आणि शाईही तिथे पुसट. मी रेघ सोडून लिहिते, काय करणार.

पौष लागला. अर्घ्य चालू आहे. आता बारा नावांना पापणी एकदाही लवत नाही.

९ जानेवारी, गुरुवार

वाईट दिवस. दातांचे डॉक्टर स्वतः आले. बावीस वर्षांचा संबंध, पण कधी जिना चढून आले नव्हते. कागदात गुंडाळलेली कवळी टेबलावर ठेवली.

"पुढचे दोन दात दोन रंगांचे लागलेत. पेशंटबाईंना आरशात दाखवायची माझी छाती झाली नाही. आणि हे बघा, टाळूकडची बाजू घासून घासून पातळ केलीय. पार भोक पडलंय."

हे यांच्या पद्धतीनं म्हणाले, "माझी चूक. पुन्हा करून देतो."

दात लावणं यांचं. पण घासणं माझं. घासताना मला सगळं गुळगुळीत आणि नीट दिसलं होतं. चाक हल्ली जोरात फिरतं, त्याचा वेग तपासून घ्यायला हवा. मी तोंड उघडणार तोच यांनी टेबलाखालून माझा पाय दाबला.

डॉक्टर उठले. जाताना मला दाराशी बाजूला घेऊन म्हणाले, "वहिनी, यांना थोडी विश्रांती द्या. मी तूर्त दुसरीकडून करून घेतो." तूर्त म्हणजे काय ते मला कळतं.

"तुम्ही माझी चूक का पोटात घातलीत?" मी विचारलं.

हे म्हणाले, "माझं तर गेलंच आहे. तुझं नाव कशाला जायला हवं?"

मी म्हटलं, "गेलं काय म्हणता? येतंय ना परत!" हे म्हणाले, "हो, येतंय, येतंय."

दुपारभर कामाच्या खोलीत मशीनचा आवाज नव्हता. या घरात इतकी शांतता मी ऐकलेली नाही. मला भीती वाटते.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. आजपासून सूर्य उत्तरेकडे निघाला. दिवस तिळातिळानं मोठा होणार. आज बारा नावं दोनदा म्हटली.

हे म्हणाले, "खिडकीबाहेर पतंग दिसतोय." मी पाहिलं, मला दिसला नाही. तोवर कटून गेला असेल.

२१ जानेवारी, मंगळवार

दोघं औषधाच्या दुकानात निघालो. कोपऱ्यावरचा रस्ता ओलांडताना हे माझा दंड धरतात आणि मी "चला" म्हणते, अशी आमची सवय. आज मी "चला" म्हटलं आणि कानाशी कर्कश ब्रेक वाजला. स्कूटरवाला अर्वाच्य बोलून गेला. दोघांची आंधळी म्हणून संभावना केली. हे नुसते उभे राहिले.

"तुला दिसली नाही गाडी?"

"तुमच्याशी बोलत होते ना."

"तू काहीच बोलत नव्हतीस."

घरी येईपर्यंत यांनी माझा दंड सोडला नाही. आणि एक कबूल करते, मीही यांचा सोडला नाही. दुकानदारानं सुटे परत दिले, त्यात दहाची नोट की वीसची, ते मी यांनाच विचारलं. यांनी बोटांनी चाचपून सांगितलं.

माझा चष्म्याचा नंबर वाढला असणार, वयच आहे. रथसप्तमीनंतर दाखवीन. मधेच डॉक्टरकडे गेलं तर देवावर भरवसा नाही असा अर्थ व्हायचा, आणि इतकं केलेलं पाण्यात जायचं. माझं काय ते नंतर बघू. आधी यांचं होऊ दे.

३० जानेवारी, गुरुवार

आज हे माझ्यासमोर येऊन बसले. माझी हनुवटी धरली, चेहरा खिडकीकडे वळवला आणि बराच वेळ पाहत राहिले.

"दिसतेस," म्हणाले.

"कशी?"

"म्हातारी झालीस."

मी ओक्साबोक्शी रडले. जगात दुसऱ्या कुणा बाईला हे ऐकून एवढा आनंद झाला नसेल. मग मीही यांच्याकडे पाहिलं. कान दिसले. केस दिसले, फार वाढलेत. शर्टाची कॉलर दिसली. मधे तो गोल. तो आता हिरवा राहिलेला नाही, राखाडी झालाय, आणि सकाळ असो संध्याकाळ असो, जात नाही. मी मान इकडे केली, तिकडे केली. तोही माझ्याबरोबर इकडे, तिकडे.

देवा, आता थोडेच दिवस राहिलेत. तुझ्यापुढे यांचा चेहरा मला दिसत नाही. यांचं झालं की तू जरा बाजूला हो.

४ फेब्रुवारी, मंगळवार

रथसप्तमी. आज काय झालं ते लिहायचं आहे. अक्षर मोठं काढतेय, रेघा बघत नाही.

गॅलरीत पाटावर तांदळानं रथ काढला. सात घोडे काढायचे, पाच झाले की सहा, मोजायचं सोडून दिलं. वन्संनं सांगितलं होतं की शेगडीवर लहानशा मातीच्या बोळक्यात दूध ठेवायचं आणि सूर्याच्या साक्षीनं उतू जाऊ द्यायचं. पूर्वेला उतू गेलं की केलेलं पावलं. मी कोळसे पेटवले, बोळकं ठेवलं, यांना शेजारी बसवलं. यांनी कधी नाही ते टोपी घातली होती.

टाकीमागून सूर्य आला. मी उभी राहून अर्घ्य द्यायला लागले. पाणी कुठे पडत होतं कळलं नाही. इतक्यात चर्रर्र आवाज झाला आणि वाफ आली.

हे ओरडले, "गेलं गं! उतू गेलं!"

मी खाली वाकले. पांढरं पांढरं काहीतरी दिसलं. "कुणीकडे गेलं?" मी विचारलं.

"पूर्वेला! तुला दिसत नाही का?"

"दिसतं ना. पूर्वेलाच गेलं."

"मला चक्क दिसलं. काठावरून घळकन खाली आलं."

"हो, मीही पाहिलं. काठावरून."

आम्ही एकमेकांचे हात धरून तिथेच बसलो. यांनी सूर्याला नमस्कार केला, जन्मात पहिल्यांदा. माझ्या मनात आलं, झालं, संपलं, सुटलो.

दहा वाजता लेक आली. सणाचं म्हणून न कळवता आली होती. गॅलरीत गेली आणि तिथूनच म्हणाली, "आई, हे दूध असंच का ठेवलंय? तापलंच नाही. कोळशांवर कुणी पाणी ओतलं? शेगडी तर पार विझलीय."

आम्ही दोघं आतल्या खोलीत समोरासमोर होतो.

लेक बोळकं घेऊन दारात आली असणार. "काठोकाठ भरलंय. गार आहे."

मग हे हळूच म्हणाले, "पण तू पाहिलंस ना?"

मी म्हटलं, "तुम्ही पाहिलंत ना?"

यांचा हात माझ्या तोंडाकडे आला. चाचपत आला. गाल, नाक, मग डोळ्यांवर बोटं ठेवली. तेहतीस वर्षांत यांनी मला असा हात लावला नव्हता. "काय केलंस तू? अगं, तिथे उभी राहून रोज काय करत होतीस तू?"

लेकीनं बोळकं खाली ठेवलं आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. म्हणाली, "आई, माझ्याकडे बघ. आई, माझ्याकडे बघ ना."

मी बघतच होते.

६ फेब्रुवारी, गुरुवार

डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांत थेंब घालून बराच वेळ पाहिलं. लेक सांगत होती, रोज, साडेआठला, पापणी न लववता. बाईंच्या हातातली वस्तू ठेवल्याचा आवाज झाला.

"मधोमध भाजलंय. दोन्हीकडे."

लेकीनं विचारलं, "बरं होईल?"

"लवकर आला असतात तर थोडंफार भरून येतं कधी कधी. आता आशा लावणार नाही मी."

हे बाहेर बाकावर बसले होते. त्यांना सांगितल्यावर म्हणाले, "आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. आपल्याकडून त्यानं उलट घेतले." आणि जे रडायला लागले, ते येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर. मी यांना रडताना पाहिलेलं नाही. आताही ऐकलंच फक्त.

रात्री वन्संचा फोन आला. "वहिनी, उगवत्या म्हटलं होतं मी! लाल असतो तेव्हा! आणि नजर पाण्याच्या धारेवर ठेवायची, त्याच्यावर नाही!"

म्हटलं, "वन्सं, आमच्याकडे तो तेव्हाच उगवतो."

ती रडत होती. मला तिचा रागही आला नाही. तिनं सांगितलं तेवढंच केलं असतं, तर आज यांचा चेहरा मला दिसला असता. जास्तीचं सगळं माझं होतं.

१६ फेब्रुवारी, रविवार

लेकीनं जाड काळं पेन आणलंय. मान वाकडी करून कडेनं बघितलं की थोडं लिहिता येतं. एका पानावर तीन-चार ओळीच मावतात.

कामाची खोली रिकामी झाली. घासायचं चाक, भट्टी, मेणाचा दिवा, सगळं एक तरुण जोडपं घेऊन गेलं. नवीन लग्न झालेलं दिसलं. म्हणजे तिच्या बांगड्यांचा आवाज आला. रंगांची पट्टी यांनी कशी धरायची ते त्या मुलाला शिकवलं. खिडकीशी उभं राहा, पाच सेकंदांच्या वर बघू नकोस, डोळा थकतो, मग फसवतो. मुलगा हो हो म्हणत होता.

लेक म्हणते, माझ्याकडे चला. तिच्या घरी दीड खोली आहे आणि सासू आहे. जावं लागणार.

ते दोघं गेल्यावर हे माझ्याजवळ येऊन बसले आणि सगळं सांगितलं. टिकली दिसली नव्हती. पतंग दिसला नव्हता. माझं तोंड दिसलं नव्हतं, म्हातारी झालीस ते अंदाजानं म्हणाले होते. "त्या टिकलीच्या दिवशी तू रडून आत आलीस ना, तुझा आवाज इतका पडलेला होता. म्हटलं, खोटं बोललो तर हिचा जीव थाऱ्यावर येईल. नंतर तू आनंदानं नाचायला लागलीस. कसं थांबवू? मला काही दिसत नाही म्हणून तुला सांगितलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी गडू ठेवून दिला असतास." मग म्हणाले, "असतास ना?"

मी म्हटलं, "हो."

"म्हणजे मीच."

मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसले.

मग यांनीच ठरवलं की आता दोघांनी एकमेकांशी खरंच बोलायचं, काही झालं तरी. आता आपल्याला खोटं परवडायचं नाही, म्हणाले. मला पटलं. मी यांच्या हातावर हात ठेवून कबूल केलं.

मग विचारलं, "तुला माझा राग येतो का?"

मी म्हटलं, "नाही हो."

यांनी सुटकेचा श्वास सोडला. मी ऐकला.